वडील कशाने गेले? – हार्ट अटॅक येण्याआधीची तपासणी, अनुभव आणि प्रश्न

शेवंती (धागाकर्ती) · ६ जुलै, रात्री १०:१०

दीड महिना लिहू की नको करत होते. आज दादा पहिल्यांदाच कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालत जाऊन परत आला, म्हणून धीर झाला.

माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा. बार्शीला शेती अवजारांचं दुकान आहे. मे महिन्यात पहाटे साडेचारला छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं, डाव्या खांद्यात कळ आली, अंगाला दरदरून घाम सुटला. वहिनीला वाटलं पित्त चढलं, तिनं लिंबूपाणी दिलं. समोरच्या घरातल्या मुलानं मात्र कोणाला न विचारता १०८ ला फोन लावला. सोलापूरला पोचेपर्यंत पावणेसात झाले. हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पंपिंग ४० टक्क्यांवर आहे.

दादानं मागच्या दिवाळीआधी एका ठिकाणी 'फुल बॉडी' पॅकेज केलं होतं. ते आठवलं की माझी झोप उडते. ईसीजी नॉर्मल, टीएमटी (पट्ट्यावर पळवून घेतात तो ईसीजी) नॉर्मल. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८, त्याच्यापुढे ना बाण ना जाड अक्षर. बीपी १३८/८८, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१. खाली 'सर्व ठीक' असा शेरा. दादानं फाईल कपाटात ठेवली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

त्या पूर्ण सकाळी त्याला कोणी विचारलं नाही की वडील कशाने गेले. आमचे आबा १९९८ साली ५१ व्या वर्षी गेले. शेतातून आले, ओसरीवर टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. धाकट्या काकांचं ५८ व्या वर्षी बायपास झालं. दादाच्या गालात बाविसाव्या वर्षापासून तंबाखू-चुन्याची गोळी असते, तेही कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता हृदयरोगतज्ज्ञांनी एक वेगळी रक्ततपासणी केली. 'एलपी लिटल ए' म्हणतात, ती १२२ आली. ते म्हणाले हे रक्तातून आलेलं आहे, भावंडांनीही तपासून घ्या.

मी ४१, धाकटी बहीण ३८, दादाचा मुलगा १७ आणि मुलगी १३. आम्ही नक्की काय तपासायचं? टीएमटी नॉर्मल असताना सात-आठ महिन्यांत अटॅक कसा येतो? आणि कोणाकडे जायचं, एमडी फिजिशियन की थेट कार्डिऑलॉजिस्ट?

---

कोयनाकाठ · ६ जुलै, रात्री १०:४८

शेवंतीताई, वाचून गलबललं. दादांना लवकर ताकद येवो. त्या समोरच्या मुलाचे पाय धरावेत असं वाटलं.

---

डॉ_निशिगंध · ७ जुलै, सकाळी ६:३०

शेवंती, सोपा प्रश्न आधी घेतो.

टीएमटीत पळताना हृदयाला रक्त कमी पडतं का, एवढंच दिसतं. रक्तवाहिनी साधारण ७० टक्के किंवा जास्त अरुंद झाली असेल तर ते कळण्याची शक्यता चांगली. पण बरेच अटॅक ३०-४० टक्क्यांच्या, मऊ, चरबीनं भरलेल्या थरातून येतात. त्या थराचं वरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. तुमच्याकडे शेती आहे म्हणून पाटाचं उदाहरण देतो. पाणी धो धो वाहतंय, म्हणजे पाट मोकळा आहे इतकं समजतं. कडेची माती कुठे पोकळ झाली आहे ते वाहत्या पाण्यावरून समजत नाही.

म्हणून प्रतिबंधाचं काम यंत्रावर सुरू होत नाही, ते खुर्चीत समोरासमोर बसून, विचारून सुरू होतं. तुम्ही लिहिलेला प्रश्न माझ्या दृष्टीनं पहिला आहे. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकारानं आजारी पडले असतील, तर त्या माणसाचा धोका वरच्या पायरीवरूनच मोजायचा असतो. तुमच्या दादाची १२८ ही संख्या कागदावर 'ठीक' होती, पण वडील ५१ व्या वर्षी गेलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, साखर आणि बीपी काठावर असलेल्या माणसासाठी ती ठीक नव्हती. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे: धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या खाली, जास्त असेल तर ७० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर मात्र सगळ्यांना एकच रकाना छापलेला असतो.

आता एलपी लिटल ए. हाही कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधला. त्याचं प्रमाण जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरतं, लहानपणीच ठरतं आणि पुढे फारसं हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी साधारण पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका वाढलेला धरतात. पालकांपैकी एकाकडून आलं असेल तर प्रत्येक भावंडात, प्रत्येक मुलात ते असण्याची शक्यता सुमारे निम्मी. तेव्हा तुम्ही दोघी बहिणी आणि दोन्ही मुलं, चौघांचीही करून घ्या. उपाशी राहायची गरज नाही.

चालून, पथ्य करून हे प्रमाण उतरत नाही, हे ऐकून लोक खचतात. खचू नका. हा एक दगड हलत नसेल तर बाकीचे सगळे दगड जास्त निग्रहानं बाजूला करायचे: एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू, पोट.

---

पारंबी · ७ जुलै, सकाळी ९:१२

धाग्याबद्दल आभार, पण एक मनापासून विचारते. माझे आजोबा वाटीभर तूप खाऊन ८९ वर्षं जगले. आता ४० व्या वर्षीच माणसाला कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लावतात आणि त्या मरेपर्यंत सुटत नाहीत. यात औषधाचा धंदा किती आणि गरज किती? माझ्या नवऱ्यानं तीन महिन्यांत गोळी बंद केली, पाय फार दुखायचे.

---

दूरदेशी · ७ जुलै, दुपारी २:०५

मी २० वर्षं इंग्लंडात, लेस्टरला आहे. इथे ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य तपासणीचं बोलावणं येतं. नर्सबाई वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट विचारतात, मग पोस्टकोड, आणि मग तुमचा वंश. 'इंडियन' असं टिचकवलं की पुढच्या दहा वर्षांतला धोक्याचा आकडा वर सरकतो. पहिल्यांदा मला ते लागलं होतं. मग नर्सबाईंनी शांतपणे सांगितलं की तुमच्या लोकांना हे लवकर होतं, म्हणून आम्ही तुमच्याकडे लवकर बघतो.

'आई, वडील, भावंडं यांपैकी कोणाला ६० च्या आत हृदयविकार?' हा प्रश्न त्या फॉर्मवर छापलेलाच आहे. आकडा १० टक्क्यांवर गेला की स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बोलणं होतं. माझा ११.४ आला. गोळी घेतो.

---

डॉ_निशिगंध · ७ जुलै, रात्री ९:४०

दूरदेशी, बरं झालं लिहिलंत. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ यांच्या पुढाकारानं ५२ देशांत 'इंटरहार्ट' अभ्यास झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकच्या जवळजवळ ९० टक्के धोक्याचा हिशोब नऊ गोष्टींत लागतो असं त्यात दिसलं: बिघडलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी, हालचाल कमी, आणि दारू. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं, बाकी देशांत सुमारे ५९. सहा वर्षांचा फरक. घरात ती सहा वर्षं म्हणजे मुलांची शिक्षणं, घराचं कर्ज.

पारंबीताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. आजोबा तूप खात असतील, पण दिवसाला किती चालत होते, तंबाखू होती का, पोट होतं का, हेही आठवून बघा. शिवाय आपल्याला ८९ चे आजोबाच आठवतात. ५० व्या वर्षी गेलेले त्यांचे भाऊबंद आपण कधी पाहिलेलेच नसतात.

गोळीबद्दल. प्रत्येकाला गोळी नको, हे मीही म्हणतो. ज्याचा धोका कमी आहे त्याला आधी खाणं, चालणं, वजन. पण धोका जास्त असेल तर स्टॅटिनसारखा पुरावा फार थोड्या औषधांमागे आहे. एलडीएल सुमारे ४० नं उतरलं की पाचेक वर्षांत अटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना साधारण एक पंचमांशानं कमी होतात.

पाय दुखणं खोटं नसतं. तरीही २०२० चा एक अभ्यास सांगतो. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना एका वर्षासाठी बारा बाटल्या दिल्या. चारमध्ये खरी गोळी, चारमध्ये दिसायला तशीच पण औषध नसलेली, चार रिकाम्या. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. अभ्यास संपल्यावर सहा महिन्यांनी निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केलेली होती. स्नायूंचा खरा त्रास काहींना होतोच. त्यासाठी डोस कमी करणं, स्टॅटिनचा प्रकार बदलणं, एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडणं असे रस्ते आहेत. नवऱ्यांना म्हणावं, गोळी परस्पर सोडू नका, ज्यांनी दिली त्यांच्यापुढे पाय दुखतात म्हणून भांडा. आणि बायकांसाठी: गर्भधारणेचा विचार असेल तर स्टॅटिनआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

---

पारंबी · ७ जुलै, रात्री १०:२२

आजोबांच्या भावांचं कधी मनातच आलं नव्हतं. आईला विचारते. गोळीबद्दल पूर्ण पटलंय असं नाही म्हणणार, पण नवऱ्याला घेऊन जाते पुन्हा.

---

ओवी · ८ जुलै, सकाळी ११:३०

माझ्या जावेच्या (वय ३४) दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी पिवळसर चट्टे आहेत. पार्लरवाली काढून देते म्हणाली. याचा इथे काही संबंध?

---

डॉ_निशिगंध · ८ जुलै, दुपारी १:१५

असू शकतो. काढायच्या आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी. एलडीएल १९० च्या वर आलं तर वंशपरंपरागत हायपरकोलेस्टेरोलेमियाची (घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल) शंका धरून तज्ज्ञांकडे. साधारण २५० माणसांत एकाला हा असतो आणि बहुतेकांना ठाऊकही नसतो. मग तिच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांचीही तपासणी.

---

सुईणबाई · ८ जुलै, रात्री ८:५०

मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर १७ वर्षं काम करते. दोन गोष्टी राहू नयेत म्हणून लिहिते.

एक, मिशरी. आमच्याकडच्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं शपथेवर सांगतात आणि दिवसातून चार वेळा मिशरी लावतात. ती भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून जातं, नाडी वाढते, बीपी वाढतं. म्हणून मी आता 'तंबाखू खाता का' विचारत नाही, 'दात कशानं घासता' विचारते. मग खरं उत्तर येतं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. सिगारेट सोडलेल्याचा धोका वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो, हे मी प्रत्येक घरात सांगते.

दोन, बाळंतपणं. गरोदरपणात बीपी वाढलं होतं, झटके आले होते, साखर लागली होती, अशा बाईला बाळ झाल्यावर 'झालं सगळं नीट' म्हणून सोडून देतात. तिला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, साधारण दुप्पट धरा. तिचं बीपी दरवर्षी बघायला हवं. पण बाळाचं कार्ड सांभाळलं जातं, आईचं हरवतं. आणि बायकांचा अटॅक नुसता छातीत येत नाही. धाप लागते, जबडा दुखतो, पाठीत भरतं, कधी नुसतंच गळून जातं. घरचे म्हणतात, कामानं दमली असेल.

३० च्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-साखर तपासणी उपकेंद्रावर मोफत आहे. बीपीच्या सरकारी नियंत्रण कार्यक्रमाच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. गोळ्याही मिळतात. या हो, याच तुम्ही.

---

कोयनाकाठ · ८ जुलै, रात्री ९:१५

सुईणबाई, 'दात कशानं घासता' हा प्रश्न मी आज आईला विचारला. ती गप्प बसली. वाचनखूण साठवली आहे.

---

रानवाट · ९ जुलै, सकाळी ७:४०

घरच्या यंत्रावर माझं बीपी कधी १५०, कधी १२४ येतं. कोणतं खरं मानायचं? आणि जेवणात नक्की काय बदलायचं? कोणी घाण्याचं तेल म्हणतं, कोणी तेल बंदच करा म्हणतं.

---

डॉ_निशिगंध · ९ जुलै, रात्री ९:२०

लघवीला जाऊन या. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ दे. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर ते बीपी खरं. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ती वही माझ्यासारख्याला दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा किती तरी जास्त सांगते.

जेवणाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांनी लिहावं.

---

ओवी · १० जुलै, दुपारी ३:३०

मी लिहिते. सासऱ्यांच्या स्टेंटनंतर (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आहारतज्ज्ञांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून जे सांगितलं ते असं.

तेल घाण्याचं की रिफाइंड, करडईचं की शेंगदाण्याचं, यावर वाद घालण्यापेक्षा महिन्याला किती संपतं ते बघा. माणशी अर्धा लिटर. आमच्याकडे तेव्हा चौघांत साडेचार लिटर जात होतं! तळून उरलेलं तेल फोडणीला वापरणं बंद. वनस्पती तूप घरात नाही. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण गाड्यावरच्या कढईतलं तेल दिवसभर उकळत असतं, तिथे कोण मोजणार.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. भाजीतलं मीठ कमी करून आम्ही लोणचं, पापड, फरसाण तसंच ठेवलं होतं. तिथेच सगळं मीठ होतं.

सगळ्यात अवघड गेला उपवास. सासरे एकादशी, सोमवार, चतुर्थी सगळं करायचे, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, वर तूप. आम्ही उपवास मोडला नाही. वरईचा भात, शेंगदाण्याची पातळ आमटी, ताक, राजगिरा, फळ यावर आणला. रोज एक उसळ, ज्वारीची भाकरी, कोशिंबीर आधीपासून होतीच, तिचं ताटातलं माप वाढवलं आणि भाताचं कमी केलं. सासऱ्यांचं पोट १०४ सेंटिमीटरवरून ९५ वर आलं. पुरुषांचं ९० च्या आत आणि बायकांचं ८० च्या आत हवं, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडचं वजन पोटावरच बसतं.

---

पारंबी · ११ जुलै, सकाळी १०:००

ओवी, उपवासाचं फार छान. आमच्याकडे नेमका तोच अडसर होता.

---

रानवाट · ११ जुलै, रात्री ११:०५

सात दिवस व्हायचेत, पण आतापर्यंतची सरासरी १४३/९१. एमडींकडे जातो. शेवंतीताईंचा 'कोणाकडे जायचं' हा प्रश्न राहिला आहे बहुतेक. माझाही तोच.

---

डॉ_निशिगंध · १२ जुलै, सकाळी ६:४५

राहिला होता, माफ करा.

बहुतेकांचं काम चांगल्या एमडी फिजिशियनकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत होतं. रानवाट, तुमचंही. तज्ज्ञांकडे कधी? घरात लवकर आलेला हृदयविकार असेल, एलडीएल १९० च्या वर असेल, एलपी लिटल ए वाढलेलं असेल, तीन गोळ्यांवरही बीपी आटोक्यात नसेल, मधुमेहासोबत मूत्रपिंडावर परिणाम असेल, किंवा स्टॅटिन खरोखर सोसत नसेल. शेवंती, तुम्ही आणि बहीण पहिल्याच कारणात बसता. तेव्हा एकदा कार्डिऑलॉजिस्टची वेळ घ्या, आणि जाताना दादाची फाईल सोबत न्या. हे महत्त्वाचं.

ते कदाचित कॅल्शियम स्कोअरचं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारं, सीटी स्कॅन सुचवतील. गोळी द्यावी की थांबावं हे ठरत नसेल तेव्हा ते उपयोगी पडतं. पण पस्तिशी-चाळिशीत शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण मऊ थरात अजून कॅल्शियम बसलेलं नसतं.

दोन गोष्टी मागू नका. लक्षणं नसताना 'एकदा अँजिओग्राफी करून टाका' म्हणू नका. स्थिर रुग्णांत औषधांवर स्टेंटची भर घातल्यानं अटॅक किंवा मृत्यू कमी होत नाहीत, हे २००७ आणि २०२० अशा दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. ताज्या अटॅकमध्ये मात्र तोच स्टेंट जीव वाचवतो, तुमच्या दादाचा वाचला तसा. आणि अ‍ॅस्पिरिन आपणहून सुरू करू नका. अटॅक न आलेल्यांत रक्तस्रावाचा तोटा बहुधा फायद्याला पुरून उरतो.

---

शेवंती · २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार कसे मानू. अडीच महिन्यांनी लिहिते आहे.

माझं एलपी लिटल ए १४ आलं, धाकटीचं ९६. एकाच आईच्या पोटच्या आम्ही. तिचं एलडीएल १३७. तज्ज्ञांनी पाऊण तास दिला, आबांचं, काकांचं, तिच्या दुसऱ्या बाळंतपणातल्या बीपीचं सगळं विचारलं. सुईणबाई, तुम्ही लिहिलं नसतं तर ते बीपी तिला आठवलंच नसतं. तिला गोळी सुरू झाली. भाच्याचं १०८ आलं. त्याला आत्ता औषध नाही, पण तो बारावीच्या अभ्यासातून रोज तासभर कबड्डी खेळायला जातो आणि त्याची आई आता त्याला रागावत नाही. भाचीचं कमी आहे.

दादाचं एलडीएल ४९. तंबाखू सुटून ११८ दिवस झाले. दुकानाच्या कॅलेंडरवर तो रोज रेघ मारतो.

आज सर्वपित्री अमावस्या. आबांचं श्राद्ध दादानंच केलं. गुरुजी आबा, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात, तेव्हा दादानं त्यांना थांबवून विचारलं, चालेल का जरा, आणि वही काढली. जेवणं झाल्यावर सगळ्या चुलत भावंडांना बसवून प्रत्येक नावापुढे लिहायला लावलं: किती वर्षांचे होते, कशानं गेले. आजोबांपुढे काकांनी सांगितलं, '५४, बसल्या जागी.' हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. वहीच्या पानाचे फोटो काढून ११ भावंडांनी नेले. दोघांनी तिथेच बीपी मोजून घेतलं.

---

सुईणबाई · २१ सप्टेंबर, रात्री ९:५५

शेवंती, डोळे भरून आले. पण त्या वहीत बायकांची नावं आहेत का? आजी कशानं गेली?

---

शेवंती · २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

नाहीत. आत्ता पाहिलं, एकही नाही. आईला तिच्या आईचं, माझ्या आज्जीचं, विचारलं तर म्हणाली, 'दमा होता म्हणायचे, जिना चढताना धाप लागायची. पन्नाशीच्या आतच गेली.' उद्या आईला घेऊन वैरागला, तिच्या मोठ्या बहिणीकडे जाते. त्या ८१ च्या आहेत, त्यांना आठवत असेल.